वाणी, मेंदू आणि पहिलीचा वर्ग
(खंडाळा येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



खंडाळ्याहून पुण्याच्या वाटेने निघाले म्हणजे लोणावळे मागे पडल्यावर थोड्याच वेळात डाव्या हातास कार्ल्याचा डोंगर लागतो. मावळातील शाळांच्या सहली तेथे नित्य जातात. मुले चैत्यगृहाची कमान पाहतात, हत्तींची शिल्पे मोजतात आणि एकवीरा देवीचे दर्शन घेऊन परततात. ओसरीच्या भिंतीवर कोरलेल्या ओळींकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वैजयंती येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करविले, असा त्यांपैकी एका लेखाचा आशय आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत आणि वय सुमारे दोन हजार वर्षे. डोंगरात कोरलेल्या ह्या वास्तूस त्या लेखात ‘सेलघर’ असे म्हटले आहे.

ह्या एका शब्दात शिक्षकाने ध्यानी धरावी अशी मोठी गोष्ट दडलेली आहे. ‘सेलघर’ ह्यातील ‘घर’ हा शब्द आजही मावळातील प्रत्येक मुलाच्या तोंडी आहे. तो शाळेने जतन केला नाही, ग्रंथाने केला नाही. आईच्या तोंडून मुलाच्या कानी जात जात तो दोन हजार वर्षे चालत आला. ज्या अक्षरांत तो कोरला गेला, त्या अक्षरांची गत निराळी झाली. ती कातळात कोरलेली होती, तरी कालांतराने ती वाचू शकणारा कोणी उरला नाही. अनेक शतके डोळ्यांसमोर असूनही ती मुकी राहिली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप ह्यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा ती पुन्हा बोलू लागली. वाऱ्यावर विरून जाणारा उच्चार टिकला आणि पाषाणातील अक्षर विसरले गेले, हे असे का व्हावे?

बोलणे हे मनुष्याच्या उपजत शक्तीचे फळ आहे आणि लिहिणे-वाचणे ही शिकविल्यावाचून न येणारी कला आहे, हे त्याचे उत्तर होय. पहिलीच्या वर्गातील शिक्षकाचे सारे काम ह्या दोहोंच्या सांध्यावर चालते. म्हणून हा भेद मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

मेंदू आणि वाणी

अर्धांगाचा झटका आलेला मनुष्य खेड्यात सर्वांनीच कधी ना कधी पाहिलेला असतो. उजवे अंग लुळे पडले म्हणजे पुष्कळदा त्याबरोबर वाचाही जाते. डावे अंग गेले तर बोलणे बहुधा शाबूत राहते. ह्याचे कारण असे की, शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण मेंदूचा डावा भाग करतो आणि बहुतेक माणसांत वाणीचे मुख्य काम त्याच डाव्या भागात चालते. अशा रुग्णाच्या जिभेत दोष नसतो, बुद्धीही बहुधा जागी असते. पाणी हवे असते, ते डोळ्यांनी सांगता येते, पण ‘पाणी’ हा शब्द ओठांवर येत नाही. नवलाची गोष्ट अशी की, ज्यास साधे वाक्य जुळविता येत नाही, असा रुग्ण कधी कधी पाठ असलेले गीत सुरात म्हणून दाखवितो. मुखोद्गत म्हणणे आणि नवे वाक्य रचणे ही मेंदूची दोन निराळी कामे आहेत, हे त्यावरून दिसते. वर्गात कविता घडाघडा म्हणणारे मूल प्रश्न विचारताच गप्प होते, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

ह्या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाला वळण मिळाले ते १८६१ मध्ये. पॅरिसजवळील एका रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण होता. त्याला सांगितलेले समजत असे, पण कोणताही प्रश्न केला तरी त्याच्या तोंडून ‘टॅन’ एवढाच ध्वनी निघे. त्याच्या मृत्यूनंतर पॉल ब्रोका ह्या शस्त्रवैद्याने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूस, कपाळाच्या मागे खालच्या अंगास, इजा झालेली आढळली. पुढे १८७४ मध्ये जर्मन वैद्य कार्ल वेर्निके ह्यांनी उलट प्रकारचे रुग्ण वर्णिले. हे रुग्ण अस्खलित बोलत, पण त्या बोलण्यास अर्थ नसे, आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांस उमगत नसे. त्यांच्या मेंदूतील इजा डाव्या कानाच्या मागल्या अंगास होती. पुष्कळ वर्षे असे मानले गेले की, एक केंद्र बोलण्याचे व एक समजण्याचे. आज हे चित्र फार सोपे ठरले आहे. वाणीचे काम एका-दोन ठिकाणी कोंडलेले नसून मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाळ्यात चालते. हालचालींचा मेळ घालणारा लहान मेंदू आणि आत खोलवर असलेली केंद्रेही त्यात सहभागी असतात.

‘आई, पाऊस आला’ एवढे तीन शब्द मूल बोलते, तेव्हा काय घडते ते पाहावे. प्रथम सांगावयाचा आशय उभा राहतो. मग हजारो शब्दांच्या साठ्यातून नेमका शब्द निवडला जातो; ओळखीच्या वस्तूचे नाव मेंदू एका सेकंदाच्या आत शोधून काढतो. ‘पाऊस’ पुल्लिंगी, म्हणून ‘आली’ नव्हे, ‘आला’; हे ठरते. मग त्या शब्दांचे ध्वनी क्रमाने रचले जातात आणि शेवटी छाती, कंठ, जीभ, टाळू व ओठ ह्यांच्या अनेक स्नायूंना अचूक क्षणी आज्ञा सुटतात. ह्यातील एकही पायरी बोलणाऱ्यास जाणवत नाही. ज्या मुलास ‘लिंग’ हा शब्द व्याकरणात अजून भेटलेला नाही, ते मूल लिंगाचा नियम बिनचूक पाळीत असते.

मुलाचे न शिकविलेले व्याकरण

हे मुलास कोणी शिकविले? भाषेची तयारी जन्मापूर्वीच सुरू होते. गर्भातील बाळास आईचा आवाज ऐकू येतो व जन्मताच ते तो आवाज ओळखते. जगातील कोणत्याही भाषेतील ध्वनींचे भेद टिपण्याची शक्ती तान्ह्या बाळांत असते. १९८४ मध्ये कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीज ह्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी कानावर पडणाऱ्या बाळांना त्यांनी हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकविले. प्रौढ इंग्रजी भाषकास हा भेद सहसा उमगत नाही. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो कळत होता. तेच दहा-बारा महिन्यांच्या बाळांत ही शक्ती बरीच ओसरलेली आढळली. ज्या भेदाचा घरच्या भाषेत उपयोग नाही, तो मेंदू सोडून देतो व ज्याचा उपयोग आहे, तो पक्का करतो. म्हणजे वर्षाच्या आतच मूल आपल्या भाषेचे होऊन जाते.

त्याहून बोलका पुरावा प्रत्येक मराठी घरात आहे. तीन वर्षांचे मूल ‘मी केलं’ न म्हणता ‘मी करलं’ म्हणते आणि सारे हसतात. पण घरात ‘करलं’ कोणीच म्हणत नाही. मग मुलाने ते कोठून ऐकले? ते त्याने ऐकलेले नाही, तर स्वतः बनविलेले आहे. बस-बसलं, पड-पडलं, धर-धरलं, त्यावरून कर-करलं. न सांगता त्याने नियम शोधला आणि अपवादासही तो लावून पाहिला. ही चूक म्हणजे बुद्धीची खूण होय. पुढे ‘केलं’ पुरेसे कानी पडले म्हणजे ते आपोआप सुधारते.

मुलांची ही शक्ती किती खोलवर रुजलेली आहे, ह्याचे उदाहरण मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात मिळाले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून तेथील मानाग्वा शहरात कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने शाळेत एकत्र आली. शिक्षक त्यांस ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवू पाहत होते व त्यात यश फारसे नव्हते. मात्र मधल्या सुट्टीत, खेळाच्या मैदानावर मुलांनी आपापल्या घरच्या हातखुणा एकमेकांत मिसळल्या. मागून आलेल्या लहान मुलांनी त्या खुणांना नियम दिले आणि काही वर्षांत व्याकरण असलेली एक नवी खुणांची भाषा उभी राहिली. ती भाषा कोणी शिक्षकाने दिली नाही. मुलांनी ती घडविली. त्याबरोबर दुसरी गोष्टही दिसली. जी मुले मोठेपणी तेथे आली, त्यांना ही भाषा पूर्णत्वाने साधली नाही. वाणीचे बी उपजत असले तरी त्यास पाऊस वेळेवर मिळावा लागतो.

ही शक्ती मनुष्यास आली कोठून?

हाडे मातीत राहतात, दगडी हत्यारे राहतात. बोललेला शब्द मागे काही ठेवीत नाही. त्यामुळे वाणीच्या उगमाविषयी इतके तर्कवितर्क झाले की, १८६६ साली पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने ह्या विषयावरील निबंध घेणेच बंद केले. आज निरनिराळ्या शास्त्रांच्या साह्याने काही धागे हाती आले आहेत.

मनुष्य व चिंपँझी ह्यांचे पूर्वज सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. चिंपँझीचा मेंदू सुमारे ४०० ग्रॅमचा, तर मनुष्याचा सुमारे १,३५० ग्रॅमचा. पूर्वी असे समजत की, माकडांच्या घशाची रचनाच बोलण्यास अयोग्य आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखविले की, माकडाचा घसा व तोंड बोलण्यास पुरतील इतके निरनिराळे ध्वनी काढू शकते. उणीव आहे ती ते चालविणाऱ्या मेंदूची. मनुष्यात मेंदूच्या पृष्ठभागापासून कंठाच्या स्नायूंना चालना देणाऱ्या पेशींपर्यंत थेट तंतू जातात. म्हणून मनुष्य हवा तेव्हा, हवा तो ध्वनी काढू शकतो.

२००१ मध्ये आणखी एक धागा सापडला. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील सुमारे अर्ध्या व्यक्तींना शब्द उच्चारणे व वाक्य रचणे अतिशय अवघड जात होते. त्याचे कारण ‘फॉक्सपी-२’ ह्या एका जनुकातील बिघाड असल्याचे आढळले. तेव्हा वृत्तपत्रांनी त्यास ‘भाषेचे जनुक’ म्हटले, पण ते खरे नव्हे. हे जनुक उंदरांत आहे, पक्ष्यांत आहे, आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या गाणे शिकण्याशीही त्याचा संबंध आहे. निसर्गाने वाणीसाठी एखादे नवे यंत्र एका दिवसात घडविले नाही. श्रवण, अनुकरण, स्मरण, हातांच्या हालचालींचा क्रम अशा जुन्याच शक्ती त्याने नव्या कामी जोडल्या.

ह्या दीर्घ प्रवासाची साक्ष पुणे जिल्ह्याच्या मातीतही आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना अश्मयुगातील हातकुऱ्हाडी ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर सापडल्या. त्यांच्या नेमक्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्या अतिप्राचीन आहेत ह्याविषयी नाहीत. अशी कुऱ्हाड घडविताना कोणता टोला आधी, कोणता नंतर, ह्याचा क्रम मनात धरावा लागतो. वाक्यातही तेच करावे लागते. अशी हत्यारे स्वतः घडविणाऱ्या आजच्या माणसांचे मेंदू तपासले असता वाणीशी संबंध असलेल्या भागांच्या आसपासच्या भागांतही हालचाल दिसली. त्यावरून हात आणि वाणी ह्यांचा विकास परस्परांच्या साह्याने झाला असावा, असे काही अभ्यासक मानतात. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण दगड घडविण्याची रीत दुसऱ्यास समजावून सांगण्याची गरज ज्यास प्रथम भासली, तो मनुष्यजातीचा पहिला शिक्षक म्हणावयास हरकत नाही.

अक्षर मात्र शिकावेच लागते

आपल्या मनुष्यजातीचे वय सुमारे तीन लाख वर्षे आहे. लेखनाचे वय सुमारे पाच हजार वर्षे. एवढ्या थोड्या काळात निसर्ग वाचनासाठी मेंदूत निराळी जागा करू शकला नाही. म्हणून वाचावयास शिकणारे प्रत्येक मूल मेंदूतील जुनी जागा नव्या कामास लावते. वस्तू व चेहरे ओळखणाऱ्या भागांच्या शेजारी, डाव्या बाजूस, अक्षरे ओळखण्याचे स्थान तयार होते आणि ते बोलण्याच्या जाळ्याशी जोडले जाते. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचन शिकवून त्यांच्या मेंदूची आधी व नंतर तपासणी करण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात मेंदूच्या आतील खोलवरच्या भागांतही बदल झालेला दिसला. शिक्षकाच्या खडूने फळा तर बदलतोच. मुलाचा मेंदूही बदलतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

जुन्या जागेच्या जुन्या सवयीही असतात. गाय डावीकडे तोंड करून उभी असो वा उजवीकडे, ती गायच. हे ओळखण्यात लाखो वर्षे प्राण्यांचे हित होते. त्यामुळे डोळ्यांसमोरील आकृती व तिचे आरशातील रूप मेंदू एकच मानतो. अक्षरांच्या व अंकांच्या जगात मात्र हा नियम चालत नाही. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात, म्हणून तर वैर असणाऱ्यांत छत्तीसचा आकडा आहे असे म्हणतात. पहिलीतील मूल ३ च्या जागी ६ लिहिते किंवा अक्षर उलटे काढते, ते हयगयीने वा मंदबुद्धीने नव्हे. गाय ओळखणारी शहाणी सवय अद्याप सुटलेली नसते म्हणून. अशा मुलास छडी नको. वाळूत, पाटीवर, हवेत हात फिरवून ते अक्षर अनेकवार गिरवून घ्यावे. हाताची स्मृती डोळ्यांस दिशा शिकविते. बहुतेक मुलांची ही चूक सरावाने जाते. दीर्घकाळ राहिली व वाचनही अडखळत राहिले, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

वर्गात काय करावे

एवढे सारे ध्यानी घेतले म्हणजे काही गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट अशी की, सहा वर्षांचे मूल शाळेच्या उंबरठ्यावर येते, ते रित्या हाताने येत नाही. एक संपूर्ण भाषा ते बरोबर घेऊन येते. मावळातील एखादे मूल ‘माझं-तुझं’ न म्हणता ‘मपलं-तुपलं’ म्हणते. ह्यात अशुद्ध काय आहे? ‘आपलं’ ह्या शब्दाच्या साच्यातच ‘मपलं’ व ‘तुपलं’ बसविलेले आहेत. ही रचना नियमबद्ध आहे. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणारे मूल तोच पालट इतर शब्दांतही करते. म्हणजे तेथेही नियमच आहे. ठाकर, महादेव कोळी व कातकरी वाड्यांवरील मुलांच्या बोलींचेही असेच आहे. कातकरी बोली तर ग्रांथिक मराठीपासून बरीच दूर आहे. पहिल्याच दिवशी ‘असे बोलू नये, हे चुकीचे आहे’ असे ऐकणारे मूल शुद्ध बोलावयास लागत नाही. ते बोलावयाचे थांबते. मुलाने तोंड मिटले की वाचनाचा पायाच खचतो. कारण फळ्यावरील अक्षर ज्या ध्वनीस जोडावयाचे, तो ध्वनी त्याच्या बोलीतूनच यावयाचा असतो.

ह्याचा अर्थ प्रमाण भाषा शिकवू नये असा नाही. ती प्रत्येक मुलाचा हक्क आहे. मात्र ती घरच्या बोलीच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला द्यावयाची. ‘घरी तुम्ही असे म्हणता, पुस्तकात असे लिहितात’ असे सांगून दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. मूल दोन्ही सहज पेलते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम आरंभिले, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हेही किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरची भाषा माध्यम असावी असे सांगते.

दुसरी गोष्ट अशी की, वाणी ऐकण्याने व बोलण्याने वाढते. एकट्या ऐकण्याने नव्हे. ‘गप्प बसा’ ही पहिलीच्या वर्गातील सर्वांत महाग आज्ञा होय. रोज काही वेळ मुलांनी आपल्या घरची, शेताची, पावसाची हकिकत सांगावी, शिक्षकांनी ती त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावी आणि मुलांनी ती वाचावी. आपण बोललेला शब्द आपल्यासमोर अक्षर होऊन उभा राहिलेला पाहणे, हा वाचनाचा खरा श्रीगणेशा होय.

तिसरी गोष्ट सर्वांत निकडीची आहे. वर्गात एखादे मूल कधीच बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, दुसऱ्याचे पाहून पाटीवर लिहिते. ते ‘मठ्ठ’ म्हणून मागच्या रांगेत बसविले जाते. त्यास ऐकू तर येत नसेल? वाणीच्या बीजास वेळेवर पाऊस लागतो, हे मानाग्वाच्या मुलांनी दाखविले आहे. येथे गेलेले एक वर्ष पुन्हा मिळत नाही. शिक्षकांनी अशा मुलाच्या पाठीमागे उभे राहून, त्यास न दिसेल अशा रीतीने हलकेच नाव घेऊन पाहावे. शंका आली तर पालकांस समजावून सांगावे आणि शाळेत तपासणीस येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास ते मूल आवर्जून दाखवावे. कानातून वाहणारा पू हेदेखील ऐकू कमी येण्याचे एक कारण असते व त्यावर उपचार आहेत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवण ह्यांच्या दोषांवर काम करीत आहे. ज्या मुलास श्रवणयंत्राचाही लाभ होणार नाही, त्यास खुणांची भाषा मिळावी. तीही पूर्ण भाषा आहे व मेंदू तिचाही स्वीकार त्याच डाव्या बाजूच्या जाळ्यात करतो. कान नसले तरी चालते. भाषा नसून चालत नाही.

कार्ल्याच्या ओसरीतील अक्षरे कोरणाऱ्या कारागिराचा हात पक्का होता, पण ती वाचावयास शिकविणारी परंपरा तुटली आणि अक्षरे मुकी झाली. ‘घर’ हा शब्द मात्र मावळातील आयाबायांच्या तोंडी निर्वेध चालत आला. तोच शब्द घेऊन एखादे मूल पहिलीच्या वर्गात येते, तेव्हा मनुष्यजातीची फार प्राचीन कमाई त्याच्या ओठांवर असते. ती त्याच्याकडून हिरावून न घेता तिच्या शेजारी पाच हजार वर्षांपूर्वीचा तो नवा शोध ठेवावयाचा, एवढेच शिक्षकाचे काम. आणि ते दुसऱ्या कोणास करता येत नाही.